कित्तूरचं एक्सचेंज: देशात घडलेलं यंत्र आणि ग्राहकाची तक्रार

जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला एक टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं. बेळगावहून धारवाडकडे जाताना लागणारं हे राणी चन्नम्माचं गाव. एक्सचेंज लहानसं, घरातल्या फ्रिजएवढं, त्यात १२८ जागा. त्यांतल्या काही जागा गावाबाहेर जाणाऱ्या ट्रंक लाइनींना द्यायच्या आणि उरलेल्या गावातल्या ग्राहकांना. या यंत्राचा आराखडा पूर्णपणे भारतात तयार झाला होता. तो केला होता सी-डॉट, म्हणजे सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स या सरकारी संस्थेने, आणि तेव्हा संस्थेला जेमतेम दोन वर्षं होत होती.

देशात घडलेलं यंत्र का घ्यावं, असं विचारलं की सहसा दोन उत्तरं मिळतात. एक स्वाभिमानाचं, दुसरं परकीय चलन वाचवण्याचं. दोन्ही खरी आहेत. पण या यंत्राची खरी किंमत मला तिसऱ्याच ठिकाणी दिसते: तक्रार आल्यानंतर. फोन बंद पडला की उत्तर कोण देतो, किती वेळात देतो, आणि त्याला यंत्राच्या आत हात घालून दोष काढण्याचा अधिकार आहे की नाही. खरेदीच्या दिवशी हे प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुढची वीस वर्षं मात्र त्यांच्याच उत्तरांवर ढकलायची असतात. कित्तूरला सुरू झालेल्या त्या यंत्राचं प्रकरण या नजरेने वाचण्यासारखं आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. या प्रकरणात ग्राहक दोन आहेत. एक गावातला फोनवाला, ज्याला फक्त डायल टोन हवा असतो. दुसरं टेलिफोन खातं, जे कारखान्याकडून एक्सचेंज विकत घेतं आणि म्हणून कारखान्याचं ग्राहक असतं. पहिल्याची तक्रार दुसऱ्याकडे जाते आणि दुसऱ्याची कारखान्याकडे. या साखळीत कुठेही गाठ बसली की गावातला माणूस रिसीव्हर कानाला लावून शांतता ऐकत बसतो.

आधीची परिस्थिती

ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत देशात टेलिफोन होते पंचवीस-तीस लाख, आणि लोकसंख्या सत्तर कोटींच्या आसपास. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं ही रीतच होती. फोन लागला तरी तो चालेलच याची खात्री नसे. १९८ वर तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट बघायची. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास फोनपाशी बसायचं. खेड्यांत तर फोन असला तर पोस्टात, तोही बऱ्याचदा बंद.

यामागे पैशाची टंचाई होतीच, पण यंत्रांचाही हात होता. जुनी स्ट्रोजर एक्सचेंजेस विजेवर हलणाऱ्या यांत्रिक भागांची. हजारो हलते भाग, घासून झिजणारे संपर्कबिंदू, सतत साफसफाई, सतत जुळवाजुळव. त्यांच्या जागी साठच्या दशकात बेल्जियमच्या बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं पेंटाकोंटा हे क्रॉसबार, म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांनी लाइनी जोडणारं तंत्रज्ञान आणलं गेलं. ते बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे आयटीआयमध्ये बनू लागलं आणि मोठ्या शहरांत बसवल्यावर अडचणी सुरू झाल्या. ते यंत्र युरोपातल्या वापराचा अंदाज धरून आखलेलं. तिकडे एका फोनवर दिवसाला जेवढे कॉल होत, त्याच्या कितीतरी पट कॉल इकडच्या फोनवर होत, कारण एक फोन अख्खं ऑफिस वापरायचं, कधी अख्खी चाळ. त्यात कॉल लागला नाही की माणूस लगेच पुन्हा फिरवणार. यंत्र गुदमरायचं. शेवटी खात्याच्या टेलिकम्युनिकेशन रिसर्च सेंटरने आणि आयटीआयने मिळून त्याचा आराखडा सुधारला, आणि इंडियन क्रॉसबार नावाने नवी आवृत्ती आली.

या अनुभवातून दोन गोष्टी हाती लागल्या. इथला वापर परदेशी अंदाजात बसत नाही ही एक. आणि आराखड्याला हात लावल्याशिवाय काही तक्रारी सुटतच नाहीत ही दुसरी. लाइनमनने खांबावर चढून कितीही खटपट केली, तरी चुकीच्या अंदाजावर बांधलेलं एक्सचेंज बरोबर होणार नव्हतं.

छोट्यापासून सुरुवात

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. सॅम पित्रोदा सल्लागार, जी. बी. मीमांसी कार्यकारी संचालक, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एम. व्ही. पिटके संचालक. मुदत ३६ महिने आणि पैसे ३६ कोटी रुपये. काम दिल्ली आणि बेंगळुरू अशा दोन ठिकाणी सुरू झालं. अभियंत्यांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास.

संस्थेने डिजिटल एक्सचेंजचा एक मूळ घटक ठरवला आणि त्याच घटकांची जोडणी वाढवत वाढवत लहान-मोठी एक्सचेंजेस करायचं ठरवलं. बाहेर आधी आलं ते लहान. त्यातलंच हे ग्रामीण एक्सचेंज, खात्यातल्या बोलीत ‘रॅक्स’. जगातल्या मोठ्या कंपन्या तेव्हा दहा हजार, वीस हजार लाइनींची एक्सचेंजेस विकत होत्या, कारण त्यांच्या घरची मागणी तशी होती. शंभर लाइनींचं, खेड्यात चालेल असं डिजिटल एक्सचेंज हा त्यांच्या धंद्याचा भाग नव्हता. म्हणजे भारतातल्या खेड्याला हवं असलेलं यंत्र बाजारात चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता. ते बाजारात नव्हतंच.

आराखडा करताना गृहीत धरलेल्या गोष्टी बघा. वातानुकूलन मिळणार नाही. वीज येईल-जाईल, आली तरी व्होल्टेज कमी-जास्त होईल. धूळ असेल. शिकलेला तंत्रज्ञ जवळ नसेल, किंबहुना खोलीत कुणीच नसेल. यंत्र ट्रकमधून खड्ड्यांच्या रस्त्याने येईल. म्हणून कमी वीज खाणाऱ्या चिप निवडल्या, आणि सगळं एक्सचेंज साधारण शंभर वॅटमध्ये चालवलं. उष्णता कमी निघते म्हणून हवेच्या नैसर्गिक अभिसरणावर भागतं, आणि पेटी धुळीला बंद ठेवता येते. वीज गेली की बॅटरी.

यातली प्रत्येक गोष्ट एका तक्रारीचं आधीच दिलेलं उत्तर आहे. एसी बंद पडला म्हणून एक्सचेंज बंद, ही तक्रार उगवतच नाही. ग्राहकसेवेची चर्चा आपण नेहमी तक्रारीनंतरची करतो. पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली सेवा ही आराखड्याच्या टेबलावर होते. त्यासाठी टेबलावर बसलेल्याला मे महिन्यातल्या बंद खोलीची झळ माहीत असावी लागते.

कित्तूर बेंगळुरूपासून एका रात्रीच्या प्रवासावर. पहिल्या चाचणीत दोष निघणार हे गृहीतच असतं. अशा वेळी आराखडा करणारा अभियंता आणि चालू यंत्र यांच्यात एक रात्र असणं आणि पासपोर्ट, व्हिसा, आयात परवाना असणं यात किती फरक पडतो, हे सेवेच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

कार्ड बदलणं

आता एक बिघाड जवळून बघू. पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडते, तारेवरून झटका येतो, आणि गावातले आठ फोन एकदम मुके होतात. आठच का? सी-डॉटच्या रचनेत एका लाइन सर्किट कार्डावर, म्हणजे ग्राहकांच्या लाइनी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर, आठ ग्राहक असतात. सोळा कार्डं गुणिले आठ, म्हणजे १२८ जागा. आठ फोन एकदम गेले म्हटल्यावर तंत्रज्ञाला तारेवर शोधत फिरायची गरज उरत नाही. बाकीचे सगळे चालू आहेत, हे आठ एकाच कार्डाचे आहेत, म्हणजे दोष कार्डात. एकच फोन गेला असता तर त्याने आधी एमडीएफवर, म्हणजे जिथे बाहेरच्या तारा आणि आतली यंत्रणा जोडली जाते तिथे, लाइन सोडवून पाहिली असती. आतल्या बाजूला टोन आहे का? असेल तर दोष बाहेर तारेत. नसेल तर आत.

कार्ड ओढून काढायचं, जवळचं सुटं कार्ड खाचेत सरकवायचं, दाबून बसवायचं. आठही फोन चालू. यासाठी माणसाला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. कार्ड ओळखता येणं, हाताळताना अंगावरची स्थिर वीज त्यावर जाऊ न देणं आणि खाच न चुकणं एवढं पुरतं. खराब कार्ड दुरुस्ती केंद्रावर जातं. तिथे त्यातला नेमका भाग बदलला जातो, आणि कार्ड पुन्हा सुट्या साठ्यात येतं.

वाचायला हे साधं वाटेल. पण हे चालण्यासाठी मागे काय काय असावं लागतं ते बघा. सुटं कार्ड जवळपास असावं लागतं. म्हणजे ते इतक्या संख्येने बनलेलं असावं लागतं की लहान ठिकाणीही एखादं जास्तीचं ठेवणं परवडेल. दुरुस्ती केंद्राकडे कार्डाचा सर्किट नकाशा असावा लागतो आणि तो वापरायची परवानगी असावी लागते. तंत्रज्ञाला मिळणारी माहिती पुस्तिका त्याच्या यंत्राचीच असावी लागते. आणि नवा माणूस आला की त्याला शिकवायला देशातच प्रशिक्षण असावं लागतं.

सी-डॉट स्वतः कारखाना चालवत नव्हती. आराखडा तिने आयटीआयसारख्या सरकारी आणि इतर खासगी उत्पादकांना दिला. त्यामुळे एकच आराखडा, अनेक कारखाने अशी स्थिती आली. खात्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एका उत्पादकाने उशीर केला म्हणून सुट्या भागांचा पुरवठा थांबत नाही. बंद आराखड्याचं यंत्र घेतलं की सुटा भाग त्या एकाच कंपनीकडून, तिच्या भावाने आणि तिच्या सवडीने घ्यावा लागतो. ऐंशीच्या दशकात परकीय चलनाची ओढाताण असताना परदेशी कार्ड मागवणं म्हणजे आयात परवान्यापासून सुरुवात. तोवर आठ घरं मुकी राहिली असती.

दुरुस्ती केंद्रांचा आणखी एक फायदा असतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. देशभरातून आलेली खराब कार्डं एका टेबलावर येतात तेव्हा त्यांच्यातला नमुना दिसू लागतो. हाच भाग पुन्हा पुन्हा जळतोय, याच हंगामात जास्त येतायत, एकाच उत्पादकाची जास्त आहेत. ही माहिती आराखडा करणाऱ्याच्या कानावर गेली, तर पुढचं कार्ड सुधारून येतं. ती परदेशातल्या कंपनीच्या कानावरही जाऊ शकते. पण तिच्या शेकडो बाजारांपैकी एका बाजारातल्या खेड्यांची तक्रार तिच्या यादीत कितव्या नंबरवर असणार? इथे मात्र यादीत ही एकच तक्रार असते.

बिलाची तक्रार आणि सॉफ्टवेअर

एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा नंबर थेट फिरवायची सोय, फोन असलेल्या घरांत पोहोचल्यावर ग्राहकांची एक तक्रार देशभर गाजली. बिल जास्त आलं. घरात नसताना कुणीतरी बाहेरगावी फोन केले, मोलकरणीने केले, शेजाऱ्याने केले, तारेवर कुणीतरी जोडून केले. खातं म्हणायचं मीटर बरोबर आहे, ग्राहक म्हणायचा मी केलेच नाहीत. दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता होती, म्हणून वाद मिटायचाच नाही.

याचं एक उत्तर एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं: एसटीडी लॉक. ग्राहक स्वतःच्या फोनवरून गुप्त आकडा फिरवून बाहेरगावची सोय बंद करतो, हवी तेव्हा उघडतो. तसंच पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथमध्ये काचेमागे लाल आकडे पळताना दिसायचे, त्यासाठी एक्सचेंजने लाइनीवरून मीटरची पल्स पाठवावी लागे. ज्या देशात बहुतेकांच्या घरी फोन नाही आणि लोक बूथवर बोलतात, तिथे ही पल्स म्हणजे ग्राहकाचा विश्वास. आकडा डोळ्यांदेखत पळाला की पैसे देताना हुज्जत होत नाही.

या गरजा इथल्या आहेत. परदेशी एक्सचेंजमध्येही त्या पुरवता येतात, आणि पुरवल्या गेल्या. पण तेव्हा ती एक मागणी होते, तिचा करार होतो, किंमत ठरते, पुढच्या आवृत्तीत ती येते. सॉफ्टवेअर लिहिणारा देशात आणि खात्याशी रोज बोलणारा असेल तर तीच गोष्ट कामाचा भाग होते.

जिथे अडलं

हे प्रकरण यशोगाथा म्हणून सांगायची पद्धत पडली आहे. त्याने त्याचं नुकसान होतं, कारण अडलेल्या जागाही तितक्याच शिकवणाऱ्या आहेत.

ग्रामीण एक्सचेंज वेळेत आलं. शहरांसाठीचं मोठं एक्सचेंज, म्हणजे ‘मॅक्स’, मात्र १९८७ च्या मुदतीत आलं नाही, त्याला आणखी काही वर्षं लागली. त्या काळात शहरांतल्या प्रतीक्षायाद्या थांबल्या नव्हत्या. आराखडा आपला म्हणून वाट बघायची की तयार यंत्र घेऊन ग्राहकाला आज फोन द्यायचा, हा वाद तेव्हा कडवट झाला आणि १९९० च्या सुमारास राजकारणातही शिरला. फोनसाठी नाव नोंदवून बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्या पक्षाचं म्हणणंही खोटं नव्हतं. वेळेवर न आलेलं यंत्र कितीही दुरुस्तीयोग्य असलं तरी त्या दिवशी कुणाच्या उपयोगाचं नसतं.

चिपचं काय? प्रोसेसर, मेमरी आणि इतर महत्त्वाच्या चिप बाहेरूनच येत. म्हणजे कार्डाचा आराखडा आपला, पण त्यावरचा मेंदू आयात केलेला. परदेशी कंपनीने एखादी चिप बनवणं थांबवलं की आराखडा बदलून नवं कार्ड करणं भाग. आराखडा हातात असल्यामुळे ते करता येत होतं, एवढाच दिलासा. पण दिलासा आणि स्वावलंबन यात अंतर आहे.

अनेक उत्पादकांचीही दुसरी बाजू होतीच. आराखडा एकच असला तरी सोल्डरिंग प्रत्येकाचं वेगळं, घटक निवडण्यातली काळजी वेगळी. सगळ्यात कमी भावाची निविदा जिंकत असेल तर स्वस्त कनेक्टर येणार, आणि तो दोन पावसाळ्यांनी गंजणार. मग तक्रार येते ती ‘सी-डॉटचं एक्सचेंज बिघडलं’ म्हणून. माझ्या मते अनेक कारखान्यांना आराखडा देण्याचा निर्णय बरोबर होता. पण त्याला तितक्याच कडक तपासणीची जोड हवी.

आणि गावातला फोन मुका होण्याची सगळी कारणं एक्सचेंजमध्ये नसतातच. अर्थिंग नीट नाही, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, खांबावरची तांब्याची तार चोरीला गेली, तालुक्याला जोडणारी लाइन तुटली. ग्राहकाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त टोन नाही एवढं कळतं. एक्सचेंज उत्तम चालू आहे, पण गावाबाहेरचा रस्ताच बंद, अशी वेळ ग्रामीण भागात नेहमीच येत असे.

कारखाना इथे, आराखडा तिथे

याच काळात दुसरा प्रयोगही चालू होता. १९८२ साली फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलशी करार होऊन उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात मनकापूरला आयटीआयने ई-१०बी या डिजिटल एक्सचेंजचा कारखाना उभारला. कारखाना भारतात, कामगार भारतीय, यंत्र भारतात बनलेलं. शहरांमध्ये ई-१०बीने चांगलं काम केलं. त्याला वातानुकूलित खोली लागे, ती शहरात मिळत होती. तंत्रज्ञान हस्तांतरणामुळे दुरुस्तीचं पुष्कळ ज्ञानही इथे आलं. पण मूळ आराखडा आणि त्याची पुढची वाटचाल फ्रान्समध्ये ठरत होती. बनवणं आपल्या हातात, बदलणं त्यांच्या.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. नव्वदच्या दशकात गावोगावी सार्वजनिक फोन पोहोचवण्यासाठी मार म्हणजे मल्टी ॲक्सेस रेडिओ रिले ही बिनतारी यंत्रणा वापरली गेली. तिची उपकरणंही भारतीय कारखान्यांतूनच येत. पण ही यंत्रणा इतकी बंद पडू लागली की गावातला सार्वजनिक फोन म्हणजे शोभेची वस्तू झाला. पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून दीड लाखांहून अधिक गावांतले मारवरचे फोन बदलून दुसऱ्या तंत्रज्ञानाने द्यावे लागले. देशी कारखाना होता, पण सुट्या भागांची, दुरुस्तीची आणि सुधारणेची साखळी त्यामागे टिकली नाही.

ही तीन प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं, रॅक्सची कमाई नुसती देशात बनण्याची नव्हती. आराखडा, सुटे भाग, दुरुस्ती आणि सुधारणा या चारही गोष्टी एका हाकेच्या अंतरावर होत्या, आणि वापरणाऱ्याची तक्रार आराखडा करणाऱ्यापर्यंत पोहोचत होती. ई-१०बीमध्ये यातल्या काही गोष्टी होत्या, मारमध्ये फार थोड्या.

ही हाक किती दूरपर्यंत कामी येते ते पित्रोदांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या एका लेखातून कळतं. पाच हजार वस्तीच्या एका गावात शंभर लाइनींचं डिजिटल एक्सचेंज आल्यावर सहा महिन्यांत तिथल्या बँकेतल्या ठेवी ८० टक्क्यांनी वाढल्या, असं त्यांनी नोंदवलं आहे. ट्रकमालक आपल्या ड्रायव्हरचा माग घेऊ लागले, शेतकरी शहरातला खरा भाव विचारू लागले. आणि यंत्रं चालवणारे दुरुस्तीसाठी माणूस बोलावू शकले. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त भावते. एक्सचेंज चालू राहिलं म्हणून गावातली बाकीची यंत्रंही चालू राहिली. सेवेमागे सेवा उभी असते.

तीस वर्षांनंतर

डिजिटल एक्सचेंजचं आयुष्य संपत आलं तेव्हा जगभर एकच उपाय होता. सगळं उपटून इंटरनेट तंत्रज्ञानावरची नवी यंत्रणा बसवायची. परदेशी कंपन्यांनी जुन्या यंत्रांचा आधार काढून घ्यायला सुरुवात केली होती. सी-डॉटने मॅक्स-एनजी नावाची सोय आणली. आपल्याच जुन्या मॅक्स एक्सचेंजमधली काही कार्डं बदलायची, ग्राहकांच्या लाइनी आहेत तिथेच ठेवायच्या, आणि जुनं एक्सचेंज नव्या जाळ्यात सामील करायचं. मूळ आराखडा करणारी संस्था शाबूत होती, जुने नकाशे तिच्याकडे होते, आणि जुन्या ग्राहकाला सोडून देण्यात तिचा फायदा नव्हता, म्हणून हे जमलं.

आता हाच प्रश्न मोठ्या आकारात परत आला आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचं उद्घाटन झालं. रेडिओ तेजस नेटवर्क्सचे, कोअर म्हणजे जाळ्याचा मध्यवर्ती भाग सी-डॉटचा, जुळणी टीसीएसची, आणि टॉवर साडेसत्त्याण्णव हजारांच्या घरात. उशिराची टीका इथेही झाली, आणि ग्राहक वाट बघून दुसऱ्या कंपन्यांकडे गेले हेही खरं आहे. मोठ्या मॅक्सची आठवण यावी असंच हे सगळं.

सरकारी खरेदीचा नियम इथे महत्त्वाचा ठरतो. मेक इन इंडियाला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या आदेशानुसार यंत्रात किती टक्के मूल्य देशात निर्माण झालं ते मोजलं जातं. ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार. २०२१ मध्ये असंही स्पष्ट करण्यात आलं की आयात केलेल्या मालावर वाहतूक, बसवणी, प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा, देखभाल करार यांची किंमत दाखवून कुणाला ‘स्थानिक’ होता येणार नाही. नियम योग्यच आहे. नाहीतर परदेशी पेटीला देखभाल करार जोडून सगळेच देशी झाले असते. पण त्यातून एक पोकळी राहते. बनवण्याचे टक्के मोजले जातात आणि दुरुस्तीची क्षमता कुठेच मोजली जात नाही. ज्याच्याकडे सर्किट नकाशा, सोर्स कोड आणि देशातलं दुरुस्ती केंद्र आहे तो, आणि ज्याने नुसती जुळवणी इथे केली तो, टक्के सारखे असले तर एकाच रांगेत उभे राहतात.

म्हणून निविदा लिहिणाऱ्यांनी देशी मूल्याच्या टक्क्यांबरोबर आणखी काही गोष्टी मागून घ्याव्यात असं मला वाटतं. दोषाची नोंद झाल्यापासून सॉफ्टवेअर दुरुस्त होऊन येईपर्यंत किती तास लागतील, आणि ती दुरुस्ती देशातल्या माणसांना परवानगी न मागता करता येईल का. खराब कार्ड कोणत्या गावी जाईल आणि किती दिवसांत परत येईल. चिप बंद झाली तर नव्या आराखड्याची जबाबदारी कुणाची. खराब भागांचा हिशेब महिन्याच्या महिन्याला आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर जाईल का, आणि खरेदीदाराला तो बघता येईल का. टॉवरखाली उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने मदतीसाठी फोन केला तर पलीकडे नुसता तक्रार क्रमांक देणारा माणूस असेल, की ते यंत्र आखणाऱ्यांपैकी कुणापर्यंत त्याचा आवाज पोहोचेल. यांची उत्तरं आकड्यांत आणि नावानिशी करारात उतरवता येतात, आणि पहिला मोठा पावसाळा येण्याआधी ती उतरलेली असावीत.